कापशीची दोन पांढरी पिल्लं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक कोंबडी डोळ्यांसमोर आणा.

नेहमीची गावठी कोंबडी नव्हे. हिची पिसं पिसांसारखी दिसतच नाहीत. कुणीतरी काळा कापूस पिंजून हिच्या अंगावर चिकटवलाय असं वाटतं. डोक्यावर लोकरीचा एवढा मोठा गोंडा की डोळे शोधावे लागतात. पायाला चार बोटं असायची तिथे पाच. हळूच फुंकर मारून पिसं बाजूला केली, तर खालची कातडी पिकल्या जांभळासारखी निळीकाळी. पंख आहेत, पण उडता येत नाही. हिच्या जातीला सिल्की म्हणतात, आणि हिचं नाव कापशी.

कापशी एका डालग्यात, भाताच्या पेंढ्यावर, गेले एकवीस दिवस अंड्यांवर बसून आहे. आता तिच्या पोटाखालून बारीक चिवचिव येते आहे. डालग्याभोवती आम्ही तीन मोठी माणसं आणि एक दहा वर्षांची मुलगी वाकून उभी आहोत. डोळे एवढ्यात उघडू नका. पुढचं मलाही उघड्या डोळ्यांनी आठवायला आवडत नाही.

"हे काय?" रावसाहेब म्हणाला.

त्याने कापशीच्या पोटाखाली हात घालून एकेक पिल्लू बाहेर काढलं होतं. सहा पिल्लं आईबापासारखी काळी, ओल्या कोळशाच्या तुकड्यांसारखी. सातवं आणि आठवं मात्र फिकट, तांदळाच्या पिठात लोळून आल्यासारखी. ती दोन्ही त्याने तळहातावर घेतली आणि आळीपाळीने आमच्या तोंडाकडे बघितलं, जणू आमच्यापैकीच कुणी ती तिथे आणून ठेवली होती.

"काळ्याला काळी. मग हे पांढरं कुठनं आलं?"

ही एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजमध्ये आमच्या आणि खोराट्यांच्या घरांमध्ये एकच भिंत होती. मी शाळेतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. रावसाहेब खोराटे म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, आता विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचा. त्याला पाखरांचा नाद. आधी कबुतरं झाली, मग बेळगावकडून त्याने ही काळ्या सिल्कीची जोडी आणली. कोंबड्याचं नाव त्याने सुभेदार ठेवलं. कोंबडीचं नाव त्याच्या मुलीने, संयोगिताने ठेवलं. सगळे तिला संयू म्हणायचे. तिची आजी, म्हणजे रावसाहेबाची आई आक्का, तेवढी तिला "घारी" म्हणायची, कारण संयूचे डोळे मधाच्या रंगाचे होते. आजी लाडाने म्हणत असेल, असं मी धरून चालले होते. शेजाऱ्यांना सोयीचं असतं ते आपण धरून चालतो.

खोराट्यांच्या परसाच्या भिंतीपलीकडून दत्तू सुतार आला होता. त्याच्याकडे एक पांढरा गावठी कोंबडा होता, आडदांड, दिवसभर भिंतीवर बसलेला. दसऱ्याच्या संध्याकाळी संयू सोनं वाटायला गेली तेव्हा खुराड्याची कडी लावायची राहिली, आणि भिंतीला वळसा घालून गेलेली कापशी सापडली ती दत्तूच्या उकिरड्यावर. त्याबद्दल संयूला एक थप्पड बसली होती. पुढे दहा-बारा दिवसांनी कापशी खुडूक झाली, अंड्यांवर बसली, आणि आज तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी हे असं.

"आता कळलं का?" दत्तू मिशीत हसला. "आमचा गडी भिंत उडतोय, रावसाहेब. तुमचा सुभेदार नुसता झुपकेदार."

"ए, गप."

"गप काय? पिल्लं माझ्या कोंबड्याच्या तोंडावर गेल्यात. बघा की, नाक बी तसंच."

सगळे हसले. रावसाहेबाचे कान तांबडे झाले. आक्का पायरीवर बसून मिशरी लावत होती. तिने बाजूला पचकन थुंकलं, बोट पदराला पुसलं आणि म्हणाली, "एकदा बाटली ती बाटली. तिच्या पोटी आता कधीच चांगलं निपजायचं न्हाई. असलं घरात ठेवू नये. मागंच सांगितलेलं म्या."

मागे तिने काय सांगितलं होतं, कोणाबद्दल, हे मी विचारलं नाही. उलट वातावरण हलकं करावं म्हणून मी बोलले. मी, जिने तेहतीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. मी म्हणाले,

"असू दे रे रावसाहेब. तुझी कापशी जरा रसिक निघाली म्हणायची!"

आता तर दत्तू टाळ्या पिटायला लागला. आक्काही तोंड दाबून हसली. संयूची आई, शालन, नेमकी तेव्हाच चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात आली होती. ती तिथूनच मागे फिरली. मला वाटलं, साखर विसरली असेल.

संयू हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मग रावसाहेबाने त्या दोन पिल्लांपैकी एकाची मान दोन बोटांत धरली आणि मोगऱ्याची कळी खुडावी तशी पिळली. आवाज झालाच नाही. ते त्याने परसातल्या गटारीत टाकलं. बोटं लुंगीला पुसली आणि हाक मारली, "अगं, चहा कुठाय?" शालन पुन्हा बाहेर आली. त्याच हाताने त्याने कप उचलला आणि बशीत ओतून फुर्र करत प्यायला. गटारीच्या कडेला त्या पिल्लाचा एक पाय वर दिसत होता. मिरचीच्या देठाएवढा. पाच बोटांचा. माझ्या हातात कप होता. मी तो प्यायले नाही, पण खालीही ठेवला नाही. धरून बसले, पाहुणी बसते तशी.

"दुसरं कुठं गेलं?" त्याने विचारलं.

दुसरं पिल्लू कुणालाच दिसत नव्हतं.

"पळालं असंल. मांजर खाईल," तो म्हणाला. "कोंबडी ठेवायची न्हाई आता. येत्या रविवारी संकेश्वरचं पाहुणं यायच्यात. काळं मटण म्हंजे औषध असतंय म्हणत्यात. होऊन जाऊ दे."

दुपारी संयू माझ्या दारात उभी राहिली. फ्रॉकचा खिसा तिने दोन्ही हातांनी धरला होता आणि खिसा चिवचिवत होता.

"बाई, हे मरंल काय?"

"गार पडलं तर मरेल. आण इकडे."

खोक्यात जुनं लुगडं घालून वर बल्ब लावला. पिल्लू बल्बखाली सरकून डोळे मिटून बसलं. संयू खोक्यापाशी उकिडवी बसली. मग म्हणाली,

"कडी मी विसरले होते. म्हणून कापशीला कापणार."

"कडीचा आणि पिल्लांच्या रंगाचा काही संबंध आहे का, ते आधी बघू."

"बाई, दोन्ही काळी असली, दुसरं कुणी आलंच न्हाई, तरी पांढरं होतंय?"

मी शिक्षिका आहे. असा प्रश्न आला की माझं निम्मं दुखणं पळतं. त्या सकाळची घाण मी तेवढ्यापुरती बाजूला सारली आणि फडताळातून चिंचोक्यांचा डबा काढला. तुम्ही चिंचोके टाकून पट खेळला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल. चिंचोका मधोमध फोडला की दोन फाका होतात. फाकेची बाहेरची बाजू काळी, आतली पांढरी.

"ही फाक म्हणजे सुभेदार," मी म्हणाले. "आणि ही कापशी. दोघं वरून काळे दिसतात. पण पिल्लाला देण्यासाठी प्रत्येकाकडे रंगाच्या दोन बाजू असतात. त्यातली एकच बाजू प्रत्येक पिल्लाला मिळते. कुठली, ते कुणाच्या हातात नसतं. टाक."

तिने दोन्ही फाका फरशीवर टाकल्या. एक काळी पडली, एक पांढरी.

"हे पिल्लू कसं?"

"अर्धं काळं, अर्धं पांढरं?"

"नाही. काळं. काळ्याची एक बाजू आली तरी पुरे, ती पांढऱ्याला झाकते. पण पांढरं आत राहतं. पुसलं जात नाही. टाक परत."

तिने टाकलं. काळी-काळी. मग काळी-पांढरी. मग पुन्हा काळी-पांढरी. पाचव्या वेळी दोन्ही पांढऱ्या पडल्या. ती फरशीवर वाकून बघतच राहिली.

"हे पांढरं."

"हे पांढरं. आणि इथे दत्तूचा कोंबडा कुठे आला?"

"कुठंच न्हाई."

चाळीस वेळा टाकलं आम्ही. ती पाटीवर रेघा मारत होती. अकरा वेळा दोन्ही पांढऱ्या पडल्या. साधारण चारात एक. आठ पिल्लांत दोन, मी म्हणाले. तिने "दोन" असं म्हणून खोक्यात बघितलं, जिथे एकच होतं.

"मग पप्पांना सांगू या."

"थांब. मी हे नुसतं होऊ शकतं असं म्हणाले. झालं आहे असं नाही. कडी उघडी होती, दत्तूचा कोंबडाही खरा आहे, आणि कोंबडीच्या पोटात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकतं. पप्पा म्हणतील, हे त्याचंच. मग काय सांगशील?"

तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं. खोटी शंका काढून टाकणं सोपं असतं. खरी शंका तोलून बघायला शिकवणं, हा खरा धडा.

"पिल्लाचे पाय बघू. पाच बोटं आहेत."

"म्हंजे सुभेदाराचं!"

"नाही. पाच बोटं एकटी आईसुद्धा देते. काळी कातडीही तशीच. त्यावरून काही ठरत नाही." मी तिला विचार करू दिला. "पण कापसासारखी पिसं? ती चिंचोक्याच्या पांढऱ्या बाजूसारखी. दोघांकडून आली तरच दिसतात. दत्तूच्या कोंबड्याकडे ती नाहीतच. तो बाप असेल, तर या पिल्लाला येणारी पिसं गावठी कोंबडीसारखी येतील, घट्ट, सपाट."

"मग आत्ता बघू या!"

"आत्ता अंगावर नुसती लव आहे, सगळ्याच पिल्लांची सारखी. पंखांची खरी पिसं यायला तीन आठवडे लागतील."

"पण रविवार पाच दिवसांवर हाय."

म्हणून मी पुन्हा त्या परसात गेले. गटारीकडे बघायचं नाही असं ठरवून गेले आणि बघितलंच. मुंग्यांची ओळ लागली होती. दुसरं पिल्लू माझ्याकडे आहे, त्याला पिसं कशी येतात ते बघू, कोंबडीला कापण्याआधी मला तीन आठवडे दे, असं मी रावसाहेबाला सांगितलं.

"बाई, एका कोंबडीसाठी एवढं?"

"नववीला हाच धडा तुला शिकवला होता मी. वाटाण्याच्या झाडांचा. पंधरापैकी चौदा गुण पडले होते तुला."

"ते पाठ केलं होतं," तो हसला. "वाटाण्याचं काय घेऊन बसलाय, बाई. रक्त ते रक्त. पण तुमचा शब्द मोडायचा न्हाई. तीन आठवडे. पिसं गावठी निघाली तर दोन्हीचा रस्सा, आणि तुम्ही जेवायला यायचं."

"आणि नाही निघाली तर?"

"तर कापशी राहील. तुमच्या पाया पडून तसं सांगतो."

पायरीवरून आक्का म्हणाली, "बाई शिकल्या-सवरलेल्या. त्यांना कोंबडीचीबी कीव येती." मग आत वळून, मोठ्याने, "आमच्या घरात कशाकशाची कीव केली म्या, ते माझं मला ठाऊक!" आत भांडी घासायचा आवाज चालू होता. तो थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

तेव्हाही मी काही विचारलं नाही.

संयू ते तीन आठवडे रोज शाळा सुटली की यायची. आठवड्याभरात पिल्लू धडधाकट झालं, तेव्हा आम्ही ते कापशीखाली परत सोडलं. तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, पंख उचलला आणि आत घेतलं. तिला त्याच्या रंगाचं काहीच नव्हतं. दत्तूकडेही त्याच सुमाराची गावठी पिल्लं होती, तुलनेला सोयीची. संयू भिंतीवर चढून त्यांचे पंख बघून यायची, मग आमचं बघायची. दत्तू रोज एकच विनोद करायचा, "काय गं, मामाची पोरं बघायला आलीस?" आणि त्याच्या त्या पिवळ्या दातांकडे बघून मला रोज नव्याने शिसारी यायची. तीच शिसारी एकदा माझ्याच वाक्याची यायला हवी होती, हे तेव्हा सुचलं नाही.

एकदा चिंचोके टाकता टाकता संयूने विचारलं, "बाई, लपलेली बाजू किती दिवस लपून राहती?"

"कितीही. आजोबांकडून बापाकडे, बापाकडून मुलाकडे, कुणाला न दिसता. जोडीदाराकडेही तशीच लपलेली बाजू असली आणि दोन्ही एकत्र पडल्या, की अचानक दिसते."

"आणि लोक म्हणतात, आमच्यात असलं कधी नव्हतंच."

"होतं. त्यांना दिसलं नव्हतं."

तिने ते पाटीवर लिहून घेतलं. मी म्हटलं, केवढी हुशार मुलगी आहे.

चंपाषष्ठीच्या आधीचा रविवार होता. सकाळी दहाचं ऊन परसात पडलं होतं. तुळशीच्या लग्नाचे ऊस वाळून वृंदावनाला तसेच बांधलेले होते. रावसाहेब, आक्का पायरीवर, आणि दत्तू, त्याला कसं राहवेल. त्याने आपलं एक गावठी पिल्लू काखेत मारून आणलं होतं. संयूने आमचं फिकट पिल्लू आणलं. आता ते नुसतं फिकट राहिलं नव्हतं, दुधासारखं पांढरं होत चाललं होतं.

"दत्तू, तुझ्याचा पंख उघड," मी म्हणाले.

त्याने उघडला. पिसं एकावर एक, सपाट, घट्ट, केळीच्या कोवळ्या अखंड पानासारखी.

"संयू, तुझ्याचा."

तिने दोन बोटांनी हळूच पंख ताणला. वाऱ्याने केळीचं पान फाटून त्याच्या चिंध्या व्हाव्यात, तसं प्रत्येक पीस सुटं-सुटं, पिंजलेलं. तिने त्यावर फुंकर मारली. सगळं एकदम हललं, धूर हलावा तसं.

रावसाहेब खाली वाकला. त्याने पीस बोटांत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं.

"हे सिल्कीचं."

"आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आल्याशिवाय असं पीस येत नाही. बाप गावठी असता तर हा पंख दत्तूच्या पिल्लासारखा असता."

"मग पांढरा रंग?"

संयूने चिंचोक्याच्या दोन फाका त्याच्या हातात दिल्या आणि मी तिला शिकवलं होतं ते सगळं तिने त्याला सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं. त्याने फाका टाकल्या. सातव्या खेपेला दोन्ही पांढऱ्या पडल्या.

"अरेच्चा!" तो मांडीवर थाप मारून ओरडला. "म्हंजे माझा सुभेदारच पांढरं लपवून बसलाय?"

"दोघंही."

"म्हंजे कापशी बाटलेली न्हाईच! दत्त्या, तुझा कोंबडा नुसताच बांग देतोय, ऐकलंस काय?"

तो हसला. दत्तूही खाली मान घालून हसला. रावसाहेबाचा चेहरा असा फुलला होता की विचारू नका. त्याची जोडी शुद्ध होती, त्याच्या परसाची अब्रू शाबूत होती. गटारीत पडलेल्याची त्या हसण्यात कुणालाही आठवण झाली नाही. आक्काने सुपातले मूठभर तांदूळ घेतले, कापशीपुढे टाकले आणि चुकचुकली.

"मुक्या जीवावर उगंच आळ घेतला गं बाई. पाप लागलं असतं."

शालन चहा घेऊन उंबऱ्यात उभी होती.

"आज्जी," संयू म्हणाली, "मग माझे डोळे?"

कुणाला काही कळलं नाही. म्हणजे मला कळलं नाही. बाकीच्यांना लगेच कळलं असावं, कारण दत्तू आपलं पिल्लू उचलून भिंतीकडे वळला.

"पप्पांचे डोळे काळे. आईचे काळे. तुम्ही म्हणता, आमच्या सात पिढ्यांत घारं कुणी न्हाई, ही पोर बाहेरची. तुम्ही म्हणता, एकदा बाटली ती बाटली. आई आत असताना म्हणता. तिला ऐकू जाईल असं म्हणता."

"गप, घारे," आक्का म्हणाली.

"पप्पा आईशी बोलत न्हाईत. सोयाबीन काढणी झाल्यापासनं चहा-जेवण मागण्यापलीकडं एक शब्द बोललेले न्हाईत."

"कोंबडीचं आन् माणसाचं एक असतंय व्हय गं?" आक्काचा आवाज चढला.

तीन आठवड्यांपूर्वी हीच बाई याच पायरीवर बसून कोंबडीवरून माणसाचं बोलत होती, आणि तेव्हा दोन्ही एकच होतं. मला ते ट्रे घेऊन मागे फिरणं आठवलं. थांबलेली भांडी आठवली. आणि माझंच वाक्य, रसिक, ते सगळ्यांचं हसणं, आणि हसण्याच्या मधोमध माझ्याकडे बघणारी ती मुलगी. तिने माझ्याकडे शिकायला यायचं ठरवलं ते माझ्या त्या वाक्यानंतर, हे आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

"रावसाहेब," मी म्हणाले, "डोळ्यांचा रंग एका जोडीवर ठरत नाही, तिथे बरेच चिंचोके असतात. पण काळ्या डोळ्यांच्या आईबापाला घाऱ्या डोळ्यांचं मूल होतं, ही अगदी साधी गोष्ट आहे. कोंबडीसाठी तुला ती पटली. आता हिला उत्तर दे."

तो चिंचोके गोळा करत असल्यासारखा फरशीकडे बघत होता.

"बाई," तो म्हणाला, "चहा घ्या. गार होतोय."

मी आयुष्यात अनेक निर्बुद्ध उत्तरं तपासली आहेत. एवढं किळसवाणं एकही नाही.

शालन या वेळी मागे फिरली नाही. ती तिथेच उभी राहिली, ट्रे दोन्ही हातांत घट्ट धरून.

संयूने फरशीवरच्या दोन्ही फाका उचलल्या. एक तिने आईच्या ट्रेवर, कपांच्या मधे, पांढरी बाजू वर करून ठेवली. दुसरी बापापुढे धरली. "पप्पा, टाका." रावसाहेबाने हात पाठीमागे घेतले. ती थांबली, चांगली थांबली, वर्गात एखादा उत्तर द्यायला वेळ घेतो तेव्हा मी थांबायचे तशी. हात पाठीमागेच राहिले.

"बरं," ती म्हणाली. "मग पप्पांना ही बाजू कुणी दिली?"

हे तिने मला विचारलं नव्हतं. ती पायरीपाशी गेली, आक्कापुढे उकिडवी बसली आणि म्हातारीची मूठ उघडली. कापशीपुढे टाकलेल्या तांदळाचे दोन दाणे तिच्या तळव्याला अजून चिकटलेले होते. संयूने ते झटकले, त्या जागी चिंचोक्याची फाक ठेवली, पांढरी बाजू वर, आणि आजीची बोटं एकेक करून तिच्यावर मिटली.